सोझोपोलला फोन वाजला नाही

१

सोमवारी सकाळी सोफियाच्या प्रत्यारोपण केंद्रातून फोन आला तेव्हा मी संचालकांसमोर बसून कसल्याशा करारावर त्यांची सही घेत होते. फोन त्यांनी घेतला. थोडा वेळ नुसतं ऐकलं आणि मग सही अर्धवट टाकून पेन खाली ठेवलं.

आमचं रुग्णालय प्लोव्दिवच्या कडेला, मारित्सा नदीच्या पलीकडे आहे. मूत्रपिंडासाठी ताटकळत बसलेले रुग्ण आमच्याकडे पुष्कळ. त्यातला कोण आज शस्त्रक्रिया झेपेल असा आहे, हे आमचा सर्व्हर रोज रात्री सोफियाला कळवतो. निरोप गेला नाही तर तो पुन्हा येईपर्यंत आमची नावं बाजूला काढून ठेवतात. शनिवारी रात्री निरोप गेला नाही. रविवारीही नाही. आणि नेमकं रविवारीच स्तारा झागोरात एका तरुणाचं मूत्रपिंड उपलब्ध झालं. ते सगळ्यात जास्त जुळत होतं आमच्या मेतोदी सरांशी. सरांचं नाव बाजूला पडलेलं. मूत्रपिंड वार्नाला गेलं.

मेतोदी सरांनी निम्म्या शहराला भूगोल शिकवला आहे. मलाही. कितीतरी वर्षं ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायला येत, आणि शिकवल्यासारख्या आवाजात नर्सेसना नद्यांची नावं विचारत. त्यांना हे सांगायचं काम डॉ. नेवेनांनी स्वतःकडे घेतलं. सर त्यांचेच रुग्ण. त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं तर पेला हातात धरूनच राहिल्या, प्यायल्या नाहीत.

दुपारी संगणक विभागातला बोयान वर आला. दोष सापडला होता. सर्व्हरनं कुणावर विश्वास ठेवायचा याची जी नावं त्याच्यात भरलेली असतात, त्यातलं एक नाव नाहीसं झालं होतं. आपोआप नव्हे. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी हातानं पुसलं होतं.

"कुणी?" संचालकांनी विचारलं.

बोयाननं नजर खाली वळवली, पण आवाजातला आनंद त्याला लपवता आला नाही. "आमच्या विभागप्रमुखानं. रालित्सानं. तिच्याच लॅपटॉपवरून, तिच्याच नावानं."

२

पोलिसांना कळवण्याआधी आत काय झालंय ते संचालकांना समजून घ्यायचं होतं. त्यांनी झ्लात्का पेहलिवानोवांना बोलावलं. झ्लात्काबाई पूर्वी तपास न्यायाधीश होत्या. निवृत्तीनंतर त्यांना टोमॅटो आणि शेजारी याखेरीज उद्योग उरला नव्हता. मी रुग्णालयाची वकील, म्हणून मला त्यांच्यासोबत बसवलं. आल्याआल्या त्यांनी माझ्या टेबलावर सूर्यफुलाच्या बियांची पुडी सोडली.

"विदा, गुन्हा कसा झाला ते मागाहून," त्या म्हणाल्या. "आधी सांग, या इमारतीत कोण कुणावर जळतं?"

मी म्हटलं, ते सांगायला संध्याकाळ होईल.

"होऊ दे. पण आधी त्या मुलीला बोलाव."

रालित्सा आली ती रडून आलेली होती. गेल्या वर्षीच ती विभागाची प्रमुख झाली. वयानं लहान, कामात चोख, आणि वर आवाज असा की लिफ्टमध्ये गुणगुणली तरी माणसं आपला मजला विसरत. शहरातल्या गायकवृंदाबरोबर ती शनिवारी समुद्रकाठी सोझोपोलला गेली होती, तिथल्या जुन्या चर्चमध्ये कार्यक्रम होता. आठवड्याची ड्यूटी तिचीच, म्हणून लॅपटॉप सोबत नेलेला.

झ्लात्काबाईंनी तिला आधी यंत्राचंच विचारलं. रालित्सानं सांगितलं की सर्व्हर बाहेर कुणाशी बोलायला गेला की समोरच्याचं प्रमाणपत्र मागतो. प्रमाणपत्र काय, कुणीही बनवेल. म्हणून त्यावर कुठल्या संस्थेची सही आहे ते तो बघतो. ज्यांची सही मानायची अशा मोजक्या संस्थांची नावं तिनं त्याला देऊन ठेवलेली असतात. सोफियाच्या प्रमाणपत्रावर ज्या संस्थेची सही होती, तिचंच नाव पुसलं गेलं. मग सर्व्हरनं सोफियाला ओळखच दाखवली नाही, दार लावून घेतलं.

"म्हणजे माझ्या जाऊबाईंसारखं," झ्लात्काबाई म्हणाल्या. "बरं, त्यानं दार लावलं हे तुला कळत नाही?"

"कळतं. लगेच माझा फोन वाजतो. एप्रिलमध्ये बोयानच्या हातून चुकून हेच नाव उडालं होतं. डॉक्टर नेवेनाताईंचा नामदिवस होता, त्यांच्या नावाचा सण, मी त्यांच्याकडे जेवायला बसलेले. फोन वाजला, तिथंच त्यांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, नाव परत घातलं. अर्ध्या तासात काम झालं. चीजची बानित्सासुद्धा अजून गरम होती." ती थांबली. "शनिवारी फोन वाजलाच नाही."

"गाण्याच्या नादात ऐकू आला नसेल."

तसं नव्हतं. कार्यक्रमाआधी आणि मध्यंतरातही तिनं फोन पाहिला होता. शिवाय नेवेनाताई तीनदा विचारून गेल्या, फोन चालू आहे ना, कुणाचा आला तर नाही ना. रालित्साच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. तिला वृंदात आणलं ते नेवेनाताईंनीच. दोघी एकाच खोलीत उतरल्या होत्या. दुपारच्या जेवणात सगळ्यांनी मास्तिका घेतली. रालित्साला एकटीनं गायचा भाग होता म्हणून तिनं दारूला हात लावला नाही, तर तिला सोबत म्हणून नेवेनाताईंनीही नुसता मध घातलेला लिंडनचा चहा घेतला. सख्खी बहीण इतकं करणार नाही, असं ती म्हणाली.

लॅपटॉप खोलीत होता. झाकलेला, पण बंद केलेला नाही. ड्यूटीवर असताना सारखा पासवर्ड घालत बसायला नको म्हणून. खोलीची किल्ली घरमालकिणीच्या दारामागच्या खिळ्यावर. येणारा जाणारा कुणीही ती काढू शकत होता.

"आणि नाव पुसलं गेलं तेव्हा तू कुठं होतीस?"

"चर्चमध्ये. ल्युबेन आमच्या वृंदाचे दिग्दर्शक. ते माझ्याकडून तो भाग बसवून घेत होते."

"बाकीचे?"

"बाकी कुणी नव्हतं. आम्ही दोघंच." तिनं झ्लात्काबाईंचा हात धरला. "बाई, हे माझ्या नवऱ्याला सांगू नका."

३

ल्युबेननं फोनवर तिच्या म्हणण्याला दुजोरा दिला, पण संचालकांना तो पुरेसा वाटला नाही. चर्चच्या बंद दाराआड असलेल्या दोघांनी एकमेकांसाठी दिलेली साक्ष ती, असं ते म्हणाले. मलाही तेव्हा रालित्साचं काही खरं नाही असं वाटत होतं. बोयानशी बोलेपर्यंत.

बोयान पाय पसरून बसला. झ्लात्काबाईंनी पुढे केलेल्या बिया त्यानं घेतल्या आणि टरफलं व्यवस्थित रुमालात गोळा केली.

"विचारा," तो म्हणाला. "मी तिच्यावर जळतो का, हेच ना? जळतो. मी तिच्या आधीपासून इथं आहे. तिला पद मिळालं, मला तिच्या रजांचं वेळापत्रक मिळालं. ती कॅन्टीनमध्ये आली की स्वयंपाकीण तिला बानित्साचा मोठा तुकडा वाढते. मला काठाचा. यात लपवायचं काय, सगळ्या मजल्याला माहीत आहे."

मग आपण होऊन त्यानं एक गोष्ट सांगितली. शनिवारी रालित्साचा फोन का वाजला नाही, ते त्याला ठाऊक होतं. धोक्याचा इशारा देणारी सेवा जुलैमध्ये त्यानं बदलली होती. नवी कंपनी स्वस्त आणि चांगली. सर्व्हर आधी त्या कंपनीला कळवतो आणि कंपनी फोन वाजवते. पण त्या कंपनीच्या प्रमाणपत्रावरही नेमकी त्याच संस्थेची सही होती, जी सोफियाच्या प्रमाणपत्रावर आहे. नाव पुसलं तसा सर्व्हर सोफियाला ओळखेनासा झाला, आणि इशारा देणाऱ्यालाही. तो रात्रभर ओरडायला बाहेर पडू बघत होता आणि स्वतःच लावलेल्या दारावर आपटत होता.

"हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"रालित्साला मी ईमेल केला होता. तिनं ठीक आहे म्हणून कळवलं. वाचला असेल असं मला वाटत नाही. तिचं लक्ष तेव्हा गाण्यात."

कुठल्याही लॅपटॉपमध्ये बोयानला घरबसल्या शिरता येत होतं. तेही त्यानंच सांगितलं. झालेल्या कामाची जी नोंद सर्व्हर आपोआप ठेवतो, ती पुसता येते का, असं बाईंनी विचारलं. त्याला येते, आणि रालित्साला येते, असं तो म्हणाला. बाकीच्यांना अशी नोंद होते हेच माहीत नसतं.

मला आता शंका उरली नव्हती. तिची फजिती व्हावी असं ज्याला वाटत होतं, तोच माणूस. नाव पुसलं तर इशारा जाणार नाही हे पक्कं ठाऊक असलेला, तोही तोच. बाहेर संचालक बहुधा याच निष्कर्षाची वाट बघत येरझारा घालत होते.

बोयान उठला. टरफलांचा रुमाल खिशात घातला आणि दारात वळला. "आम्ही एकाच इमारतीत राहतो, रालित्सा आणि मी. शनिवारी दुपारी तिचा नवरा गाडी घेऊन गेला तो पहाटे परतला. मी इतका वाईट नाही की हे कुणाला सांगत फिरेन. पण तुम्ही विचारलंत म्हणून."

आम्ही तर काहीच विचारलं नव्हतं.

४

रालित्साचा नवरा इवायलो लिफ्ट दुरुस्त करतो. एका जुन्या इमारतीच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात तो कमरेइतका उतरलेला आम्हाला सापडला. वर आला, हात पुसले, आणि शनिवारचं नाव काढताच खड्ड्याच्या काठावर मटकन बसला.

हो, तो सोझोपोलला गेला होता. तिला न सांगता.

वर्षभर तो घरात ल्युबेन हे नाव ऐकत होता. ल्युबेन म्हणाले श्वास असा घे, ल्युबेन म्हणाले तुझ्यासारखा आवाज दहा वर्षांत ऐकला नाही. शनिवारी दुपारी त्यानं तिला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तिनं न उचलता कापला. मग तो गाडीत बसला. बुर्गासच्या अलीकडे वेगासाठी पोलिसांनी त्याला अडवलं, पावती फाडली. ती पावती त्यानं खिशातून काढून दाखवली. अजून फेकली कशी नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, आपण किती मूर्ख आहोत हे विसरायला नको म्हणून.

पावतीवरची वेळ बघितल्यावर प्रश्नच मिटला. सोझोपोलच्या खोलीत कुणीतरी नाव पुसत होतं तेव्हा इवायलो तिथून पुष्कळ लांब, पोलिसाशी हुज्जत घालत होता.

"मग पोचल्यावर काय केलंस?" झ्लात्काबाईंनी विचारलं.

"काय करणार? गाणं सुरू झालं होतं. मागं खांबाआड उभा राहिलो. ठरवून गेलो होतो की दोघांना नजरेनं पकडायचं. पण ल्युबेनकडं बघायचं राहूनच गेलं." तो हातातल्या चिंधीकडे बघत राहिला. "ती गायला लागली आणि मला कळलं, माझा जळफळाट त्या माणसावर नव्हताच. त्या गाण्यावर होता. घरी ती मला इतकी कधी मिळाली नाही. तसाच परत फिरलो."

आणखी काही आठवतं का, कुठलंही, असं झ्लात्काबाईंनी विचारलं.

त्याला एक क्षुल्लक गोष्ट आठवली. रालित्सा एकटी गात होती, बाकी सगळा वृंद स्तब्ध. पण तिसऱ्या रांगेतली एक बाई तिच्या प्रत्येक शब्दाला ओठ हलवत होती. आवाज न काढता. श्वाससुद्धा रालित्साच्याच जागी घेत होती. इवायलोला ते पाहून बरं वाटलं होतं. आपल्या बायकोवर इतकी माया करणारं कुणीतरी तिथं आहे, म्हणून.

"ओळखतोस तिला?"

"म्हणजे काय. डॉक्टर नेवेना."

झ्लात्काबाईंनी बियांची पुडी मिटून पिशवीत टाकली.

५

परतल्यावर झ्लात्काबाई रुग्णालयाच्या आवारात बाकावर बसल्या आणि मलाही बसवलं.

"तुम्ही सगळे विचारताय, यात कुणाचा फायदा झाला," त्या म्हणाल्या. "फायदा बघितला तर बोयान. पण जे झालं ते, ज्यानं केलं त्याला हवंच होतं, असं कुणी सांगितलं? त्याला काय व्हायला हवं होतं ते बघ."

त्यांनी एकेक सांगत नेलं. बोयानला रालित्साची फजिती करायची असती, तर स्वतः बदललेल्या इशाऱ्याच्या आड त्यानं ती केली नसती, कारण बोट त्याच्याकडेही वळणार हे त्याला कळतं. वर त्यानं ती गोष्ट न विचारता सांगितली. शिवाय त्यानं नोंद पुसली असती. ज्यानं हे केलं त्याला नोंद होते याचा पत्ताच नव्हता. म्हणजे तो त्या विभागातला नाही.

आणि तरीही त्याला नेमकं कुठलं नाव काढायचं ते माहीत होतं. एप्रिलमध्ये जे उडालं होतं तेच, दुसरं नाही. म्हणजे एप्रिलचा प्रकार त्यानं जवळून बघितला. तेव्हा काय झालं होतं? फोन वाजला, रालित्सा जेवण सोडून उठली, अर्धा तास कामात अडकली, मग सगळं सुरळीत झालं. कुणाचं काही बिघडलं नाही. जुलैतला बदल मात्र या माणसाच्या कानावर नव्हता. त्याच्या हिशेबानं शनिवारीही फोन वाजणारच होता.

"म्हणजे त्याला सर्व्हर बंद पाडायचा नव्हता," मी म्हटलं.

"अजिबात नाही. त्याला फोन वाजायला हवा होता. कार्यक्रम तोंडावर आलेला असताना. आता मला सांग, त्या संध्याकाळी फोन वाजायची वाट कोण बघत होतं?"

तीनदा विचारून गेलेल्या नेवेना मला आठवल्या.

"तिसऱ्या रांगेत सगळ्यांबरोबर गाणारी बाई दुपारी गळा कशाला जपेल?" झ्लात्काबाई म्हणाल्या. "मास्तिका सोडून मधाचा चहा कशाला घेईल? ती गायला तयार होऊन बसली होती, विदा. रालित्साच्या आधी तो भाग कोण गायचं, तेवढं त्या ल्युबेनला विचार."

मी ल्युबेनला फोन लावला. तो म्हणाला, इतकी वर्षं नेवेनाच गायची. आवाज आता थोडा थकलाय तिचा. तिनं किती मोठ्या मनानं जागा सोडली. शनिवारी दुपारीसुद्धा तिनं आपण होऊन विचारलं होतं, रालित्साला अचानक ड्यूटीचं काम निघालं तर मी सांभाळून घेऊ का.

तरीही माझा विश्वास बसेना. मेतोदी सर नेवेनांचे रुग्ण होते. सरांच्या वाढदिवसाला त्या स्वतः केक करून आणायच्या, मीठ न घातलेला, त्यांना चालेल असा.

"म्हणून तर तू सांगितलास तसा तो चेहरा चुन्यासारखा झाला," झ्लात्काबाई उठत म्हणाल्या.

नेवेना त्यांच्या खोलीत होत्या. झ्लात्काबाईंनी कसलाही आव आणला नाही. समोर बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, फोन वाजला असता तर काय झालं असतं?"

नेवेनांनी आमच्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं त्या उठून जातील. पण त्या बोलल्या, आणि इतक्या सहज, जणू कुणीतरी विचारायची वाटच बघत होत्या.

"ती लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसली असती. ल्युबेननं माझ्याकडे बघितलं असतं. मी गायले असते. तोवर तिनं नाव परत घातलं असतं, रात्रीचा निरोप वेळेवर गेला असता. मी सगळं मोजलं होतं. निरोप जायला पुष्कळ वेळ होता."

"आणि फोन वाजला नाही."

"मध्यंतरापर्यंत मी वाट बघितली. मग वाटलं, माझ्या हातून काही पुसलंच गेलं नसेल. मला कुठं काय कळतं त्यातलं. देवाचे आभार मानले. खरंच मानले." त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले. "तिला मीच आणलं. दवाखान्याच्या जिन्यात गुणगुणत होती, मीच म्हटलं, चल आमच्यात. पहिल्या दिवशी ती गायली आणि ल्युबेननं डोळे मिटले. माझ्या गाण्याला त्यानं कधी डोळे मिटले नव्हते. ती मला ताई म्हणते. प्रत्येक कार्यक्रमाआधी विचारते, ताई, बरं होईल ना. आणि मी म्हणते, होईल. ते म्हणताना मला काय होतं, ते मी कुणाला सांगू?"

"रालित्साला," मी नकळत बोलून गेले.

"तिला सांगितलं असतं तर तिनं तो भाग मला देऊन टाकला असता," नेवेना म्हणाल्या. "हसतमुखानं. ते मला सोसलं नसतं."

६

मेतोदी सरांना दुसरं कुणी सांगू नये, एवढंच नेवेनांनी मागितलं. झ्लात्काबाईंनी मान हलवली, पण मी सोबत असेन अशी अट घातली.

सर मशीनला जोडलेले होते. हातात जुना नकाशा, गुडघ्यांवर पांघरूण. नेवेना त्यांच्या शेजारी स्टूलवर बसल्या आणि काहीही न वगळता सगळं सांगितलं. चर्च, चहा, लॅपटॉप, ती तिसरी रांग. सरांचं ऐकणं वर्गातल्यासारखंच होतं, उत्तर चुकत असलं तरी पूर्ण होऊ देत.

"किती वेळ लागेल असं वाटलं होतं तुम्हाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अर्धा तास."

सरांनी नकाशाची घडी घातली. "मी या खुर्चीत बसतो, डॉक्टर. अर्धा तास म्हणजे काय असतं, ते मला विचारायचं होतंत."

नेवेनांनी मान खाली घातली. मशीनचा वेळ संपत आला होता, तसं दिव्यावरून कळत होतं. नर्स आली. सरांनी तिला हातानं थांबवलं.

"सुया यांना काढू दे," ते म्हणाले. "यांचा हात हलका आहे. उद्यापासून दुसऱ्या डॉक्टरांची सवय करावीच लागेल मला."

नेवेनांनी हातमोजे चढवले. एक सुई काढली, बोळा दाबून धरला, मग दुसरी. त्यांचा हात जराही थरथरला नाही. ते मला सगळ्यात भयंकर वाटलं. बाहेर येऊन त्यांनी हातमोजे काढले आणि राजीनामा कुणाकडे द्यायचा ते मला विचारलं.

पुढे पोलीस आले, खटला झाला. सरांनी साक्षीत जे घडलं तेवढंच सांगितलं, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. काही वर्षं रुग्ण तपासायला नेवेनांना बंदी झाली. त्या डोंगरात, स्मोल्यानला बहिणीकडे राहायला गेल्या. बोयानला संचालकांनी ताकीद दिली आणि रालित्सालाही. त्या दोघांनी मिळून मग इशाऱ्याची दुसरी वाट तयार केली, जिला कुणाच्या सहीची गरज लागत नाही. सर्व्हर गप्प झाला की बाहेरचं एक साधं यंत्र आपण होऊन फोन लावतं. हे काम करताना दोघं इतके भांडले की शेवटी एकमेकांशी बरे वागायला लागले. कॅन्टीनमधला काठाचा तुकडा मात्र अजून बोयानलाच मिळतो. त्यावर तो अजूनही कुरकुरतो.

रालित्सा वर्षभर गायली नाही. इवायलोनंच तिला पुन्हा वृंदाच्या तालमीला सोडायला-आणायला सुरुवात केली. आता तो खांबाआड उभा राहत नाही, पहिल्या रांगेत बसतो, आणि ल्युबेनकडे अजूनही तिरक्या नजरेनं बघतो.

त्यापुढच्या वसंतात सरांना मूत्रपिंड मिळालं. फोन आला तेव्हा रालित्सा ड्यूटीवर होती. रुग्णवाहिकेची वाट न बघता तिनं त्यांना आपल्या गाडीत घालून सोफियाला पोचवलं. महिन्याभरात सर काठी टेकत घरी परतले.

नेवेनांना कळवावं असं मला वाटलं. स्मोल्यानला फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शस्त्रक्रिया कशी झाली, लघवी कधी सुरू झाली, आता कुठली औषधं चालू आहेत, डॉक्टरांसारखं बारकाईनं विचारलं. मग जरा थांबून विचारलं, "त्यांना सोफियाला कुणी नेलं?"

मी खरं ते सांगितलं.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तिथंही तीच," नेवेना म्हणाल्या.

त्यांनी एक श्वास घेतला, लांब, गाणाऱ्या बाईचा असतो तसा.

"सरांना सांग, मला फार आनंद झाला," त्या म्हणाल्या. "आणि हे दुसरं सांगू नकोस."